पाळण्यात पोरगी कुटं हाय

सोलापूर,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

ती. बजाआत्यास,
वैजयंतीचा शि. सा. नमस्कार.

तुझे कान गेल्यापासून फोनवर नुसता आरडाओरडा होतो, म्हणून हे पत्र. आमच्या अजिंक्यच्या मुलीचं बारसं पंधरा दिवसांवर आलंय. आरोही नाव ठरलं. आपल्या घरात नाव ठेवणाऱ्या आत्याने पाळणाही स्वतःच रचायचा, उसना म्हणायचा नाही, ही रीत तूच मला सांगितलीस. माझ्या बारशाला तू रचलेला पाळणा अख्खं जेऊर अजून म्हणतं. आणि मी? रोज ऑफिसातून आले की वही उघडून बसते. चहा गार होतो, ओळ काही येत नाही. महिनाभर वाट पाहून हाती लागलं ते एवढंच:

चांदण्याचा पाळणा, वाऱ्याची दोरी,
निजली परीराणी गोरी गोरी.

वाचून माझी मलाच लाज वाटते. अजिंक्यने टॉवेलच्या कारखान्यातल्या सगळ्या बायकांना बोलावलंय. भर बारशात हसं होईल गं माझं. तूच रचून पाठव की! मुलगी महिन्याची झाली, पण तिला बघायला अजून जाणं झालेलं नाही, सर्दीने बेजार आहे.

रागावलीस तरी चालेल, पण विसरू नकोस.
तुझी,
वैजू

जेऊर,
ता. ८ फेब्रुवारी

चि. वैजूस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. म्या पाळणा रचून देनार न्हाय. कान गेलं म्हनून अक्कल गेली न्हाय माजी. तुज्या पाळण्यात चांदनं हाय, वारा हाय, परी हाय. पोरगी कुटं हाय? तिचं नाक कसलं, रडती कशी, कायबी न्हाय. तुज्या सात रस्त्यापासनं अजिंक्यची एमआयडीसी किती लांब गं? आन म्हैनाभर सर्दी कुनाला ऱ्हाती?

वाईट वाटून घिऊ नगंस. तुजी नऊ दिसांची लेक गेली त्याला सा वरसं झाली. तवापासनं तू कुनाच्या तान्ह्याकडं बघत न्हाईस, मला काय कळत न्हाय व्हय? माजाबी जीव तुटतो. पन पाळणा बाजारात मिळत न्हाय बाई. तुज्या येळंला मलाबी बारा दिस कायबी सुचलं न्हवतं. नुसती तुज्या उशाशी बसून ऱ्हायले. गाय व्यायला झाली की आपन काय करतो? जवळ बसायचं. उगं हात लावायचा न्हाय, पन उठूनबी जायचं न्हाय. तसंच हाय ह्ये. जा, बस तिच्यापाशी. पाळणा न्हाय आला तर न्हाय आला, आत्या तर भेटंल लेकराला.

माया हाय, ती वाळू देऊ नगंस.
बजाबाई

सोलापूर,
ता. १८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून दोन दिवस चिडले होते. तिसऱ्या दिवशी रिक्षा केली. दारातूनच परत फिरणार होते, तर वहिनीने, रेश्माने, एक शब्दही न विचारता पोर माझ्या मांडीवर ठेवली. आत्या, मी थक्क झाले गं. एवढासा जीव, कपाळाला आठी, आणि मूठ अशी घट्ट की उघडता उघडेना! मग माझंच बोट धरून बसली. मी रडले, रेश्माही रडली. पाळणा मात्र सुचला नाही. त्यानंतर रोज जाऊन बसत होते, तरी नाही. बारशाला गेले तेव्हा वही कोरीच होती.

काल कानात कुर्र करून नाव सांगितलं आणि बायका माझ्याकडे बघू लागल्या. मी पाळण्याची दोरी धरून उभी. तोंड उघडलं आणि आलं:

मूठ झाकली कशासाठी,
आत्या आली गं तुझ्या भेटी,
जो बाळा जो जो रे जो.

पुढची पाच कडवी कुठून आली, देव जाणे. पुढे काय येणार हे मलाही त्या बायकांबरोबरच कळत होतं! अंगावरचा काटा अजून गेलेला नाही. कोणापुढे हात जोडावेत तेही कळेना.

घरी आले. आमच्या लेकीचं बारसं राहिलंच होतं, नऊ दिवसांत कुठलं बारसं? काल संध्याकाळी तोच पाळणा तिच्यासाठी म्हटला. हे शेजारी बसून ऐकत होते. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, की नाव काय ठेवलंस. सांगितलं. तूही एकदा मोठ्याने म्हण, तुला ऐकू आलं नाही तरी. रेवा.

आता आम्हा तिघींवर लोभ असू दे.
तुझी,
वैजू