गगनवीराचा नमस्कार

७ फेब्रुवारी १९८८, रविवार

माफ कर गं वही. बरेच दिवस तुला हात लावला नाही. लिहिलं की भीती आणखी खरी वाटते, म्हणून टाळत होतो. आज लिहितो.

टीव्हीवरची 'गगनवीर' सिरियल आज पुन्हा बघितली, शेजारच्या रत्नप्रभाबाईंच्या खोलीत. दिवाळीत दारापर्यंत माणसं बसायची, पोरं खिडकीला लटकायची. आज चार-पाच डोकी, त्यात एक मी आणि एक त्यांची पेंगणारी सासू. "दर आठवड्याला तोच रबराचा राक्षस! शेपूट तेवढी नवीन रंगवतात," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

मी राक्षस बघतच नाही. मुखवटा घालून गच्चीवरून उडतो ना, तो गगनवीर म्हणजे माझा खंडू! शेवटी मुखवटा काढून हसतो तो हिरो वेगळा. हसणं त्याचं, उड्या खंडूच्या. अशाला डुप्लिकेट म्हणतात.

उडीआधी खंडू वाकून जमिनीला हात लावतो, तो हात कपाळाला. ते माझ्याकडून घेतलेलं. गावाला दशावतारात मी संकासूर व्हायचो, तेव्हा मांडावर पाय टाकण्याआधी असंच करायचो. साहेबाला, म्हणजे त्याच्या डायरेक्टरला, आवडलं, त्यानं ते सिरियलमध्ये ठेवलं. आता आमच्या घाटकोपरची पोरं जिन्यावरून उडी मारतानाही नमस्कार करतात. एकदा खंडूला म्हटलं, विसरलास तर? "नाही विसरणार, आबा. त्याशिवाय पायच उचलत नाही माझा."

खोली रिकामी बघून मला बरं वाटलं. सिरियल बंद पडली की पोरगा जमिनीवर येईल. मागच्या महिन्यात मी देवापुढं नारळ ठेवून गाऱ्हाणंच घातलंय — "बा देवा म्हाराजा, ह्या सिरियलीक कायमची निजव रे म्हाराजा!" 'होय म्हाराजा' म्हणायला दुसरं कोणी नव्हतं. तेही मीच म्हटलं.

१० फेब्रुवारी, बुधवार

देव ऐकतोय. जाहिरातवाले सोडून चालले म्हणे!

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

वाट लागली.

खंडू जेवताना शेवंतीला सांगत होता. (शेवंती म्हणजे सून.) "बघणारे कमी झाले म्हणून साहेब पेटलाय. आता दोरी नाही, काही नाही. दिंडोशीला अर्धी बांधलेली बिल्डिंग आहे, सात माळ्यांची. वरून थेट खाली, एका दमात. कॅमेरा कुठं थांबणार नाही. खाली खोकी आणि गाद्या."

"आणि तू नाही म्हटलंस तर?"

"दुसरा उभाच आहे ना गं."

मी म्हटलं, दोन माळे पुरे की रे! तर हसला. "आबा, लोक बघत होते तोवर दोन माळ्यांत भागत होतं."

म्हणजे मीच! मी लोक कमी करायला सांगितले, देवानं केले, आणि माळे वाढले. हे माझ्या टाळक्यात आधी का नाही आलं?

१४ फेब्रुवारी, रविवार

दुसरा नारळ ठेवला. मागचं गाऱ्हाणं परत घेतलं. घालायचं कसं ते येतं, परत कसं घ्यायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. मनाला येईल तसं बोललो.

मग सकाळी दारोदार फिरलो — चला, गगनवीर लागतोय! खालच्या खोलीतला नंदू म्हणाला, "काय मामा, म्हातारपणी हिरोईन आवडली काय?" म्हणू दे. शेवंतीला सगळ्यांसाठी चहा ठेवायला लावला. खोली भरली!

नंतर खंडूला विचारलं, इथं माणसं बसलेली तुझ्या साहेबाला कळतात ना? "इथलं त्याला काय कळणार, आबा?" मग चहा कशाला पाजला!

१६ फेब्रुवारी, मंगळवार

खंडू गेला. उडी आजच. या रविवारीच दाखवायचीय, एवढी घाई. निघताना उंबऱ्याला हात लावला, कपाळाला लावला.

१७ फेब्रुवारी, बुधवार

आला नाही.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

दशरथ आला होता. शूटिंगला खंडूच्या दोऱ्या बांधतो तो. "आबा, काय उडी मारली तुमच्या खंडूनं! झकास! साहेबानं त्याला तसाच पुढच्या शूटिंगला नेला, नाशिककडं. येईल आठवड्याभरात." हातात पेढे. शेवंतीनं देवापुढं ठेवले, डोळे पुसले.

मलाही बरं वाटायला हवं होतं. पण दशरथ एरवी आत येऊन पाय पसरतो, शेवंतीला वहिनी वहिनी करून पाणी मागतो. आज चपलासुद्धा काढल्या नाहीत. आणि बाहेरगावी जाताना खंडू नेतो ती कपड्यांची पिशवी इथंच आहे. खुंटीला.

२० फेब्रुवारी, शनिवार

शेवंती म्हणते, "मामंजी, उगाच अभद्र बोलू नका." बोलत नाही. लिहितो.

२१ फेब्रुवारी, रविवार

आज कोणाला बोलावलं नव्हतं, तरी माणसं जिन्यापर्यंत. गगनवीर सातव्या माळ्यावर आला, कडेपाशी उभा राहिला आणि सुटला! एका दमात, कॅमेरा कुठं थांबला नाही. शिट्ट्या, टाळ्या. शेवंती रडत रडत टाळ्या वाजवत होती.

रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "अगो बाई, आज नमस्कार नाही केला त्यानं?"

तो खंडू नव्हता. दशरथ खोटं बोलला.

खंडू, कुठंही अस, कसाही अस. कोणाच्याही हाती दोन शब्द धाड रे. लवकर धाड.