शेषाधिकार केंद्राकडे

२६ नोव्हेंबर. संविधान दिन.
विहारात उद्देशिकेचं वाचन मी केलं. नंतर संघराज्यावर भाषण. वेळ वीस मिनिटांची दिली होती, मी तासभर घेतला. रेणापुरात या विषयावर माझ्या तोडीचं कोणी नाही. उभी नोकरी नागरिकशास्त्र शिकवण्यात गेली, चेष्टा नाही.
घरी आलो तर टीव्ही चालू, बघायला कोणी नाही. जेवायला वाढायलाही कोणी नाही. रिटायर झाल्यापासून घरात अराजक माजलं आहे. देशाला घटना आहे, आमच्या घराला नाही, हेच मूळ दुखणं.
संकल्प : घराची घटना लिहायची. संघराज्य पद्धतीची.

२८ नोव्हेंबर. सकाळी.
घटना तयार. देशाच्या घटनेला जवळजवळ तीन वर्षं लागली, पण तुलना करायची नाही. आमचं घर लहान आहे.
केंद्र : मी, आनंदराज. राज्यं तीन. स्वयंपाकघर (महामाया, पत्नी). अंगण (सरजाबाई, आई). माडीवरची खोली (बुद्धप्रिया, कन्या. बी.कॉम. झाली, मग हट्टानं आयटीआयला जाऊन मोटार मेकॅनिक.)
केंद्रसूचीत संरक्षण म्हणजे कुलपं, परराष्ट्र व्यवहार म्हणजे पाहुणे, शिवाय रिमोट आणि मोटारसायकल. राज्यसूचीत भाकरी, शेळ्या, झाडलोट. शिक्षण आणि लग्न समवर्ती सूचीत. म्हणजे अधिकार दोघांनाही, पण वाद झाला तर केंद्राचं खरं. कुठल्याच सूचीत नाही ते सगळं शेषाधिकार. तेही केंद्राकडे. कोणी कुठूनही सुटत नाही. फार सुंदर काम झालं आहे.
सगळ्यांना वाचून दाखवली. महामाया म्हणाली, छान आहे, आता एवढ्या शेंगा फोडा. आई म्हणाली, मला राज्य दिलं व्हय, लई उपकार झाले बाबा, पन शेळीला पाला कोन आनून राहिलंय?
विरोध कोणीच नोंदवला नाही. एकमताने मंजूर.

२ डिसेंबर.
बुद्धप्रियेला तलाठी परीक्षेचा फॉर्म भर म्हणालो. ती म्हणाली, नाही भरणार. मुदखेडची मैत्रीण ऋतुजा आणि ती मिळून नांदेडला टू-व्हीलरचं गॅरेज टाकणार आहेत. गाळासुद्धा बघून झाला.
मास्तरची मुलगी, आणि ऑईलचे हात!
मी शांतपणे म्हणालो, हा विषय शेषाधिकारात येतो, केंद्राची परवानगी लागेल. ती म्हणाली, कलम एकोणीस, कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क. मी म्हणालो, वाजवी निर्बंध. ती म्हणाली, निर्बंध कायद्यानं घालावे लागतात, तेही जनतेच्या हितासाठी. पप्पांना विहारातले लोक काय म्हणतील, हे जनहित होत नाही.
उत्तर सुचलं, पण ती माडीवर गेल्यावर. वर्गात कोणी असं उत्तर दिलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

५ डिसेंबर.
महामायेनं पोरीची बाजू घेतली. पोरीला जाऊ द्या, तोवर ताटात ठेचा-भाकरीच, म्हणाली. म्हणजे राज्याचा कारभार घटनेनुसार चालेनासा झाला. सबब स्वयंपाकघर बरखास्त, राष्ट्रपती राजवट लागू. ती चपला घालून बहिणीकडे गेली. हसत गेली, हे नोंदवून ठेवतो.
दुपारी १. केंद्रानं वरण लावलं.
दुपारी १.४०. कुकरला शिट्टी बसवायची राहिली होती. वरण भिंतीवर. थोडं छतालाही.
दुपारी ४. भिंत पुसून झाली. जनहित लक्षात घेऊन राजवट उठवली, महामायेला बोलावून आणलं. ठेचा चांगला झाला होता.

११ डिसेंबर.
मागे हटणार नाही. आज बुद्धप्रियेचा पान्यांचा डबा जप्त करून माझ्या कपाटात ठेवला. कुलूप केंद्रसूचीतच आहे.
ती थेट आईकडे गेली. माझ्या घटनेत न्यायालय लिहायचं राहून गेलं, ही एक बारीकशी त्रुटी. आईनं बाजेवर बसल्याबसल्या ती जागा भरली. बुद्धप्रिया म्हणाली, बंदी प्रत्यक्षीकरण. मी हरकत घेतली की ती याचिका कोंडून ठेवलेल्या माणसासाठी असते, पान्यांसाठी नाही. कोर्टानं काठी आपटली.
आई म्हणाली, आनंद्या, खुरपं घिऊन रोजानं गेले, तवा तुही फी भरली. माह्या खुरप्याची लाज न्हाई वाटली तुला, मंग लेकीच्या पान्याची कामून वाटून राहिली?
या निकालावर अपील कुठे करायचं, ते मी लिहिलेलं नाही. डबा परत केला.

१६ डिसेंबर.
शेवटचा उपाय. घटनादुरुस्ती. 'कन्येचा व्यवसाय' हा विषय केंद्रसूचीत घालायचा. सूची बदलायची तर किमान निम्म्या राज्यांची संमती लागते. आई शेवटी आपलीच, महामायाही वळेल. विजय निश्चित.
संध्याकाळी. तिन्ही राज्यं विरोधात. शेजारच्या धोंडाबाई साखर मागायला आल्या होत्या, त्यांनीही हात वर केला. तो बाद धरला.
संमतीची अट मीच घातली होती, खोडायला एक रेघ पुरली असती. नाही खोडली. तेवढं माझ्याच्यानं होणार नाही.

३० डिसेंबर.
बुद्धप्रिया सकाळच्या बसनं नांदेडला गेली. सोडायला गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. गच्चीवरून बस दिसते का पाहिलं. दिसत नाही.
महामाया म्हणाली, करा आता निवांत राज्य. अख्खी दुपार रिमोट माझ्या हातात होता. घर खायला उठलं आहे.

२६ जानेवारी. संध्याकाळी, परतीच्या बसमध्ये. अक्षर हलतं आहे.
गॅरेज आजपासून सुरू. गेलो. सोबत केंद्राचं परवानगीपत्र, टाईप केलेलं, सही-शिक्क्यासह. चार शब्द बोलायचीही तयारी होती.
ऋतुजा मला ओळखेना. काका, गाडी कुठं लावली, म्हणाली. बुद्धप्रिया एका मोटारसायकलपाशी आडवी. पत्र पुढे केलं. हात काळे आहेत पप्पा, ठेवा तिथं, म्हणाली. ठेवलं. जरा वेळानं बघतो तर ते इंजिनखाली ऑईल टिपत होतं. मुद्दाम कोणी केलं नाही. तिथं कागदच लागतो.
मी भाषणाला घसा साफ केला. ती म्हणाली, पप्पा, जरा टॉर्च धरा. धरला. थोडा डावीकडे. केला. हलवू नका. नाही हलवला. गाडीवाल्यानं विचारलं, हे कोण? ती म्हणाली, माझे पप्पा, मास्तर आहेत. होते म्हणाली नाही.
गाडी सुरू झाली, तेव्हा सगळ्यांच्या आधी मीच टाळ्या वाजवल्या. मग दुसरी गाडी आली. टॉर्च माझ्याच हातात होता.
निघताना म्हणाली, रविवारी गर्दी असेल.
केंद्राचा पाहणी दौरा रविवारी ठरवला आहे. सकाळची पहिली बस. तिचा टॉर्च मंद आहे, आपला घेऊन जावा.