रेखाचे तात्या

बारामती, मंगळवार, १९९४

शाळेची समुपदेशक झाल्यापासून आजच्याइतकी मी कधी घाबरले नव्हते. नववीतली रेखा वसतिगृहात रोज रडते, म्हणून मी तिच्याशी बोलायला लागले. ते कळताच तिचे आजोबा, तात्या, पळसदेवहून तणतणत आले.

"आमची पोरगी येडी न्हाय! घरी नेतो तिला."

मी चहा मागवला. "तात्या, तुम्हाला कधी घर सोडावं लागलं का?" एवढंच विचारलं. धरणात बुडालेल्या जुन्या घराबद्दल ते तासभर बोलले आणि हमसून हमसून रडले. शेजारी बसलेली रेखाच त्यांना आपला रुमाल देत होती! माझं काही चुकलं का?

उठताना म्हणाले, "पोरगी राहू द्या हितंच. पर पुढल्या मंगळवारी मी आलो तर चालंल?"

हो म्हणून बसले. आता समुपदेशनाच्या रजिस्टरात त्यांची इयत्ता काय लिहू?