शोषखड्डा बुजवल्याच्या नोटिशीला उत्तर

प्रति,
मा. पर्यावरण अधिकारी,
बांधकाम परवानगी विभाग.

विषय : दारासमोरचा शोषखड्डा पुन्हा खणू देण्यास नकार.
संदर्भ : पर्यावरणीय सुविधा नष्ट केल्याबद्दल आपण बजावलेली नोटीस.

महोदय,

अर्जदार तळमजल्यावर राहते व तिथेच शिवणकाम करते. पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची सोय केल्याशिवाय नव्या इमारतीला परवाना नाही, हा आपला नियम. नियमाबद्दल तिची तक्रार नाही. परंतु बिल्डरने खड्डा नेमका तिच्या उंबऱ्यापुढे खणला, झाकण टाकले नाही आणि गच्चीवरचा पाइप सरळ गटारात सोडला. खड्ड्यात पाण्याचा थेंब उतरला नाही. उतरल्या त्या अर्जदाराच्या सासूबाई.

कशा, ते आपण जाणताच. पाहणीच्या दिवशी मोबाइल रोखून आपणच म्हणालात, "आजी, फोटोत येताय, जरा मागे सरका." सासूबाईंनी आयुष्यात कुणाचे ऐकले नाही, नेमके साहेबांचे ऐकले. खुब्याचे हाड मोडले. अर्जदार व वरच्या मजल्यावरचा ड्रायव्हर त्यांना बाहेर काढत असताना आपण बिल्डरला सांगितलेत, "माणसं बाजूला झाली की एक स्वच्छ फोटो घेऊ." त्या फोटोवर इमारतीला हरित प्रमाणपत्र मिळाले आणि प्रमाणपत्रावर बिल्डरला एक वाढीव मजला.

अर्जदाराने आपल्या कार्यालयात खेटे घातले. झाकण मागितले असता "मंजूर नकाशात झाकण नाही" असे उत्तर मिळाले. सासूबाई मंजूर नकाशात होत्या काय, असे विचारताच शिपायाकरवी बाहेर काढण्यात आले. तेव्हा त्याच वाढीव मजल्याचा राडारोडा घमेल्याने वाहून अर्जदाराने खड्डा बुजवला. नोटिशीत "अन्य इसमांच्या मदतीने" असे म्हटले आहे, ते खोडावे. एकटीने बुजवला.

काल बिल्डरची माणसे आपला आदेश नाचवत कुदळी घेऊन आली. अर्जदाराने शिवणयंत्र ओढत आणून त्या जागेवर मांडले व ती ब्लाउज शिवायला बसली. आतून, खाटेवरून, सासूबाई त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. माणसे आल्या पावली परत गेली.

सबब, इमारतीमागे बिल्डरच्या गाड्या उभ्या असतात त्या हटवून तिथे पाइप जोडलेला, झाकणाचा खड्डा घ्यावा. तोवर यंत्र हलणार नाही. दंड करायचा असल्यास खुशाल करावा. पावती घेऊन मात्र आपण स्वतः यावे. शिपायाचा काही दोष नाही, आणि सासूबाईंच्या हाताशी आता काठी असते.

नाइलाजाने नम्र,
अर्जदार
(तळमजला, दार उघडे असते)
दिनांक : नोटिशीच्या मुदतीचा शेवटचा दिवस