दार असलं तर खोली, नसलं तर घर

४ फेब्रुवारी

दार असलं तर वाढीव खोली, दार नसलं तर घर! करसल्लागाराने पेपरमिंट चघळत एवढंच सांगितलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं जागेवर येईल. आमच्या घराला लागून, परसातल्या जागेवर मी माझं घर बांधतेय. जागा बाबांनी बक्षीसपत्राने दिली. बापाने लेकीला दिलेल्या जागेवर कर नाही, ते निभावलं. पण विटा, सिमेंट, वायरी, फरशा — प्रत्येक बिलात कर भरलाय. नवं स्वतंत्र घर ठरलं तर तो सगळा परत मिळतो. त्यातूनच छपराचं कर्ज फेडायचं आहे. जुन्या घराला जोडलेली खोली ठरली तर दमडीही नाही. आणि हे ठरवणार कोण? मधल्या भिंतीतलं दार!

भिंतीत दाराची जागा सोडलेली आहे. दारही तयार आहे. बाबा सुतार, पाया खणायच्या आधीच त्यांनी ते करून ठेवलं. 'आधी दार, मग घर,' म्हणाले होते.

५ फेब्रुवारी

घरी सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी

बिलं लावायला बसले. निम्मी बाबांच्या नावावर! परतावा मात्र फक्त माझ्या नावाच्या बिलांवर.

'अगं, दुकानदार मला ओळखतो, त्याने माझं नाव टाकलं. बापाचं काय नि लेकीचं काय, सिमेंट तेच ना?'

दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, 'त्यात काय ताई, खोडून तुमचं लिहितो.' आणि खरंच पेन काढलं. मी बिलं त्याच्या हातातून ओढूनच घेतली. ती सगळी बाजूला ठेवली आहेत, अर्जात जाणार नाहीत. बाबा म्हणाले, 'मोठी आली नियमाची!' रागाने नाही. पण म्हणाले.

१२ फेब्रुवारी

जेवताना सांगून टाकलं. नको तसं सांगितलं.

'कराच्या लोकांना घर वेगळं लागतं,' म्हणाले मी.

अर्जात शब्द आहे 'स्वतंत्र'. मला तोच म्हणायचा होता. घरात असा शब्द कुणी बोलत नाही म्हणून सोपा करायला गेले, आणि तोंडून 'वेगळं' निघालं! आईचा हात डावावरच थांबला.

'वेगळं?'

'कागदावर, आई. फक्त मधलं दार नको, एवढंच.'

'माणसं भांडून वेगळी होतात. आपलं कुठे भांडण झालं?'

बाबांनी सावरायला बघितलं — 'झालं नसेल तर आता करू! सुरुवात कोण करतंय?' कुणी हसलं नाही. मग त्यांनी स्वतःच पाणी प्यायलं.

१३ फेब्रुवारी

आई आजपासून 'तुमच्याकडे' म्हणते. 'तुमच्याकडची बादली घेऊ का?' 'तुमच्याकडे धूळ फार येते हो.' मला अहोजाहो!

१७ फेब्रुवारी

पुन्हा करसल्लागार. म्हणाला, 'मॅडम, एवढं काय मनाला लावून घेता? पाहणीच्या दिवशी दारापुढे कपाट सरकवा. नंतर घर तुमचं, दार तुमचं.'

मी नाही म्हटलं. दिवसभर प्रयोगशाळेत नमुन्यांवर नावं चिकटवते; एकाच्या बाटलीवर दुसऱ्याचं नाव गेलं तर काय होतं, मला ठाऊक आहे. दाराला कपाट म्हणायचं आणि खाली माझी सही?

घरी सांगितलं तर बाबा हरखलेच. 'मग झालं की! कपाटही मी करतो!' मी नाही म्हटल्यावर पुन्हा रंध्याकडे वळले.

शेवटी कर-कार्यालयात फोन केला. नाव-पत्ता देऊन सरळ विचारलं. तिथली बाई म्हणाली, 'असं आधी कुणी विचारत नाही हो! वरिष्ठांना विचारून कळवते.'

२० फेब्रुवारी

सुट्टी. नव्या घरात उलट्या घमेल्यावर बसले होते. खिडक्यांना झडपा नाहीत, जमीन खडबडीत. काही करत नव्हते.

आमच्या घरात एकाही खोलीला कडी नाही. आई अर्धं वाक्य बाहेर बोलते आणि उरलेलं माझ्या खोलीत. दुसरीत अक्षरं लागायला लागल्यापासून विजेचं बिल मी वाचते. औषधाची चिठ्ठी मी वाचते. मामाचं, काकूचं, शेजाऱ्यांचं — 'बघ गं, काय लिहिलंय, तू शिकलेली.' बघते. चुकेल की काय म्हणून दोनदा बघते.

नव्या घरात कुणी हाक मारली नाही. किती वेळ, कळलंही नाही.

मग दाराच्या जागेतून आईचं डोकं. 'एकटी काय करतेस?'

'काही नाही.'

'मग इकडे ये.'

गेले.

२६ फेब्रुवारी

बाबा रंधा मारता मारता म्हणाले, 'बुजवून टाक ती जागा. छपराचं कर्ज तरी फिटेल.' वर बघितलं नाही.

'आणि दार?'

'त्याचं टेबल करीन. तुझी कागदपत्रं मावतील.'

आईही म्हणाली, 'लिही वेगळं. मला काय, चार पावलं फिरून येईन.' हे 'वेगळं' तिने इतकं जपून उच्चारलं, जणू गरम भांडं खाली ठेवतेय.

न्हाणीघरात जाऊन रडले. तिथे कडी आहे.

२ मार्च

कामावर असताना कर-कार्यालयातून फोन. तीच बाई, खुशीत!

'दार चालेल हो! स्वयंपाकघर स्वतंत्र आहे ना? बाहेरून यायची वाट, मीटर? मग मधल्या दाराला तुमच्या बाजूने कुलूप असलं की बास. तुमचे सल्लागार जुना नियम धरून बसलेत.'

पुन्हा पुन्हा विचारलं. 'अहो, चालेल म्हणतेय ना!' ती हसली. मीही हसले. फोन ठेवला आणि नावं चिकटवत राहिले.

घरी आले, बाहेरूनच नव्या घरात शिरले तर आई दाराच्या जागेत उभी. पलीकडून चहाचा कप पुढे केला. 'आज इथून घे. उद्या गवंडी येणार, मग फिरून आणावा लागेल.'

घेतला. म्हटलं, चहा झाला की सांगते.

मग म्हटलं, जेवताना.

३ मार्च

गवंड्याने पहिली वीट हातात घेतली आणि विचारलं, 'ताई, नक्की ना?' आई-बाबा दोघंही तिथेच होते.

मी म्हटलं, 'काय करणार! नियमच तसा आहे.'