तळाशी गाजराची सालं

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू रोपवाटिकेत काम करतेस म्हणून तुलाच विचारतो. शेजारच्या मास्तरीणबाईंचं ऐकायचं तर डबाच फेकून द्यावा लागेल. तुझी ताई गेली त्याला उद्या सहा आठवडे होतील. गॅलरीतला तिचा खताचा डबा मी चालू ठेवलाय, पण तो चालतोय की नाही तेच उमगत नाही. दुरुस्तीला आलेलं घड्याळ कानाला लावलं की कळतं. याच्याजवळ कान नेला तर नाकच वैतागतं! आंबूस वास येतो, तळाशी पाणी साचतं, चिलटं तर माझ्याआधी उठून बसलेली असतात. काल वर पांढरी बुरशी दिसली. दुकानातलं भिंग डोळ्याला लावून पाहिली आणि आज तुला लिहायला बसलो.

हयगय करत नाही गं. दिवसातून पाच-सहा वेळा झाकण काढून बघतो. सालं टाकतो, चहाचा चोथा टाकतो, रोजचा वाडगाभर भात आणि उकडलेले बटाटे टाकतो. फक्त ढवळत नाही. दवाखान्यात जायच्या दिवशीही तिने सकाळी बसून गाजरं सोलली होती. ती सालं तळाशी आहेत, तिथे हात घालायला मन धजत नाही.

हा डबा मेला तर तिने सुरू केलेलं आणि अजून सुरू असलेलं असं घरात काहीच उरणार नाही. म्हणून खरं काय ते लिही, मला बरं वाटावं म्हणून नको. लोभ कोरडा पडू देऊ नकोस.

तुझा,
भावोजी


२० फेब्रुवारी

ती. भावोजींस,
शि. सा. न. वि. वि.

डबा मेलेला नाही, गुदमरलाय. पांढरी बुरशी म्हणजे कामावर आलेली माणसं समजा, त्यांना हुसकू नका. आंबूस वास येतो तो ओल फार आणि हवा कमी म्हणून. वाळलेली पानं, पुठ्ठ्याचे तुकडे घाला, ओल्याच्या दुप्पट. मग मूठभर घेऊन दाबा. एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर आणखी पुठ्ठा. मधोमध हात घातला की कोमट लागायला हवं. आणि ते झाकण! घरातली एकही वस्तू तुम्ही मिटलेली राहू देत नाही, असं ताई म्हणायचीच. घड्याळाची पाठ उघडून बघता येते, हे काम झाकूनच होतं. शेवटी काय काय टाकलं होतं ते ओळखू येईनासं झालं, की समजा जमलं.

आता दुसरं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकट्या माणसाच्या घरातून रोज वाडगाभर भात डब्यात जातो, तर त्या माणसाच्या पोटात काय जातं? अजून दोघांचाच शिजवता ना? डबा आंबलाय तो तुमच्या न जेवलेल्या जेवणांनी. रागवा हवं तर.

तळाचं मात्र हलवावंच लागेल. हवा लागली नाही तर तिचंच आधी सडेल. हे लिहिताना मला सोपं जातंय असं समजू नका. तुमची बायको होण्याआधी ती रोज माझी वेणी घालणारी होती. माया आहे, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
धाकटी


५ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

रागावलो होतो, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आगाऊच आहेस. दोघांचाच शिजवत होतो, खरंय. मापाचा पेला तिचा, त्याला एकट्यापुरती खूण नाही. ताट वाढून घ्यायचो आणि घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. केरात टाकायला जीव होईना. डब्यात टाकलं की वाटायचं, तिच्याकडेच जातंय.

पुठ्ठा घातला. झाकण दिवसातून एकदाच उघडतो. ढवळलेलं नाही. त्याला अजून थोडे दिवस दे.

भावोजी


१८ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

काल ढवळलं. आधी पोटभर जेवलो, मग बाही वर केली आणि हात घातला. मधोमध कोमट होतं, ताप उतरत आलेल्या कपाळाइतकं. तसाच खाली गेलो आणि गाजराची सालं शोधू लागलो. तळाचं सगळं कागदावर काढलं, भिंग लावून एकेक चिमूट पाहिली. काळीभोर, भुसभुशीत माती, वासही मातीचाच. तिच्या सालांचा एक तंतू ओळखू आला नाही. म्हणजे तुझ्या हिशेबाने जमलं. जमलं गं, आणि मी तिथेच फरशीवर बसून लहान पोरासारखा रडलो.

मग चाळलं तर चाळणीत काय उरावं? फळांवरचे स्टिकर. चांगले चौदा! आधी स्टिकर काढा, मग साल टाका, म्हणून ती रोज माझ्यावर ओरडायची आणि मी हो हो करून तसंच टाकायचो. तिचं सगळं मातीला मिळालं, माझा आळस तेवढा जसाच्या तसा शाबूत.

निम्मी माती एका छोट्या डब्यात भरून तुला पाठवतोय. तिच्या आवडीचं काहीतरी त्यात लाव. तेरा स्टिकर टाकून दिले. चौदावा धुतला, पुसला आणि भाताच्या पेल्यावर आतून गोंदाने चिकटवला, निम्म्याच्या थोडा खाली. आता तिथपर्यंतच भरतो.

लोभ आहे तसाच असू दे. उरलासुरला माझ्याकडून घे.

तुझा,
भावोजी