तक्रारपेटीची चाबी

समता बेटा,

शेगावले आत्याच्या घरी तुले करमत नसन. तुले वाटते, तक्रारपेटीतल्या चिठ्ठीवरचं अक्षर हेडसरनंच ओळखलं. ‘आमच्या वस्तीतल्या मुलांनाच खिचडी शेवटी का वाढतात?’ एवढंच तू लिहिलं होतं. खाली नावबी नव्हतं.

पेटीची चाबी शिपाई म्हणून माह्यापाशीच असते. चिठ्ठी मले खिशात घालता आली असती. मी ती टेबलावर ठेवली. सरनं इचारलं, “देवानंद, कोणाचं अक्षर आहे हे?” अन् नोकरीच्या भेवानं मी तुहं नाव सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्यायनं तुह्या हाती शाळा सोडल्याचा दाखला देला.

दर शनिवारी मी पेटी उघडतो. आता रिकामीच निघते. पालकसभेत सर सांगतात, आपल्या शाळेत कोणाचीच तक्रार नाही. सारे टाळ्या वाजवतात. मीबी वाजवतो.

हे पत्र तुले कधीच न धाडणारा,
तुहा बाबा